यशवंतराव आणि सत्तावनची निवडणूक

आपल्याकडची पुढाऱ्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. चरित्रकार आपल्या नायकाला पहिल्या पानावरच इतका मोठा करून ठेवतात, की पुढे त्याला वाढायला जागाच उरत नाही. यशवंतराव चव्हाणांच्या वाट्याला हेच आले आहे. मंगल कलश, सह्याद्री आणि हिमालय, सहकार आणि पंचायत राज्य अशी शब्दांची आरास एकदा मांडली की चरित्र पुरे झाले असे आपण समजतो. मी राज्यशास्त्र शिकवतो, तेव्हा दर १२ मार्चला ही आरास मांडण्यातून माझीही सुटका नसते. पण वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी उठून विचारतो, की सर, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे गृहस्थ नेमके कोणत्या बाजूला होते? प्रश्न रास्त आहे. त्याला जयंतीच्या भाषणात उत्तर सापडत नाही. ते १९५७ च्या मुंबई राज्य विधानसभेच्या निवडणुकीत शोधावे लागते.

त्यांच्या बालपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी थोडक्यात आटोपतो. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी जन्म. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ. यशवंत लहान असतानाच ते प्लेगने गेले, आणि विठाई या निरक्षर माउलीने मुलांना वाढवले. ज्ञानोबा आणि गणपतराव हे थोरले भाऊ. गणपतरावांचा ओढा सत्यशोधक विचारांकडे, आणि धाकट्याचे मन गांधीजींच्या चळवळीकडे धावलेले. एकाच घरात, एकाच चुलीपाशी हे दोन प्रवाह होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे त्यांनी आयुष्यभर दोन परस्परविरोधी माणसांना एका बैठकीला बसवण्याचे जे कसब दाखवले, त्याचे पहिले धडे बहुधा घरातच मिळाले असावेत.

कराडच्या टिळक हायस्कुलात एका शिक्षकांनी मुलांना तुम्ही कोण होणार असे विचारले असता, या मुलाने आपण यशवंतराव चव्हाणच होणार असे उत्तर दिले, ही गोष्ट शाळाशाळांतून सांगतात. सांगू द्यावी. मला त्यापेक्षा १९३२ सालचा मुलगा अधिक खरा वाटतो. शाळकरी वयात झेंडा लावल्याबद्दल त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि तो येरवड्याला गेला. तिथे वडीलधाऱ्या राजबंद्यांच्या सहवासात त्याने जे वाचले, ऐकले, त्याला त्यांनी स्वतः पुढे आपले विद्यापीठ मानले. सुटल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी. ए., नंतर पुण्याला वकिलीचे शिक्षण. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी लग्न झाले. दोन महिन्यांत ऑगस्टची चळवळ पेटली आणि नवरदेव भूमिगत झाले. नव्या नवरीला पोलिसांनी अटक केली. घरावर त्या वर्षा-दोन वर्षांत जे संकट कोसळले ते कृष्णाकाठ या आत्मचरित्रात त्यांनी फार संयमाने लिहिले आहे. तो भाग विद्यार्थ्यांनी मुळातूनच वाचावा.

१९४६ मध्ये दक्षिण साताऱ्यातून ते मुंबई विधानसभेत निवडून आले आणि संसदीय चिटणीस झाले. दोनच वर्षांत त्यांच्यापुढे पहिली खरी निवड उभी राहिली. काँग्रेसमधील बहुजन समाजाच्या अनेक कार्यकर्त्यांनी शेतकरी कामगार पक्षाची वाट धरली. केशवराव जेधे गेले, शंकरराव मोरे गेले, साताऱ्यातले अनेक सहकारी गेले. यशवंतराव मात्र काँग्रेसमध्येच राहिले. तेव्हापासून त्यांच्या स्वभावातली एक रेघ स्पष्ट दिसते. आत राहून काय साधते ते साधावे, घर सोडून जाऊ नये. या रेघेला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी धूर्तपणा. दोन्ही शब्द थोडे थोडे लागू पडतात असे माझे मत आहे.

प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक १९५२ साली झाली. तेव्हाचे मतदान आजच्यासारखे नव्हते, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नंतरची. यंत्रे तर फारच पुढची. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याची खूण चिकटवलेली असे. मतदार पडद्याआड जाई आणि हातातली कोरी पत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. काँग्रेसची खूण होती बैलजोडी. अक्षरशत्रू शेतकऱ्याला यापेक्षा ओळखीचे चित्र कोणते असणार? मुंबई राज्यात ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या. यशवंतराव कराडमधून आले आणि मंत्री झाले. त्याच निवडणुकीत मोरारजी देसाई आपल्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले, तरीही मुख्यमंत्री तेच झाले! लोकांनी नाकारले तरी पक्षाने स्वीकारले म्हणजे भागते, असा समज त्या वेळी सत्ताधाऱ्यांच्या मनात रुजला असल्यास नवल नाही. त्याची किंमत पाच वर्षांनी चुकवावी लागली.

भाषावार राज्यांचा प्रश्न १९५५ मध्ये ऐरणीवर आला. फाजल अली आयोगाचा अहवाल ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विदर्भ वेगळा, आणि उरलेल्या मराठी मुलखाने गुजरातसह मुंबईच्या द्विभाषिकात राहायचे, अशी शिफारस होती. मग काँग्रेसश्रेष्ठींनी त्रिराज्याची योजना काढली. तीत महाराष्ट्र निराळा, गुजरात निराळा आणि मुंबई शहर निराळे. मराठी माणसाच्या जिव्हारी घाव बसला तो इथे. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत मोर्च्यावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले आणि शहर पेटले. पुन्हा गोळीबार, पुन्हा प्रेते. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत गिरणी कामगार होते, विद्यार्थी होते, नुसते रस्त्यावर उभे असलेलेही होते.

या काळात यशवंतराव मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते. डिसेंबर १९५५ मध्ये फलटण येथे त्यांनी शंकरराव देवांच्या नेतृत्वाशी फारकत घेतली, आणि संयुक्त महाराष्ट्र की नेहरू असा प्रश्न आलाच तर आपण नेहरूंना मोठे मानू अशा आशयाची भूमिका घेतली. महाराष्ट्र हे विसरला नाही. चौकाचौकांत त्यांची गणना सूर्याजी पिसाळात झाली. गोळीबारानंतरही त्यांनी मंत्रिपद सोडले नाही. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद याच प्रश्नावर सोडले, तेव्हा ही तुलना होणे अपरिहार्य होते. यशवंतरावांचे चाहते या ठिकाणी घाईघाईने पान उलटतात. मी उलटू इच्छित नाही. जानेवारी १९५६ मध्ये त्यांचे जागेवर राहणे मला आजही समर्थनीय वाटत नाही. लोक रस्त्यावर मरत असताना आत राहून काय साधते हा हिशेब माणसाने मांडू नये, असे काही प्रसंग असतात.

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने तिसराच तोडगा काढला. मुंबईसह संपूर्ण महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छ एवढ्यांचे मिळून एक विशाल द्विभाषिक. नेतेपदासाठी मोरारजींना बिनविरोध निवड हवी होती. भाऊसाहेब हिरे उभे राहिले तेव्हा मोरारजींनी अंग काढून घेतले आणि यशवंतरावांचे नाव पुढे आले. ३३३ विरुद्ध १११ मतांनी ते निवडले गेले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, मुख्यमंत्री झाले. मराठी आमदारांत हिऱ्यांविषयी सहानुभूती पुष्कळ होती; म्हणजे मराठी मुख्यमंत्री झाला तो बऱ्याच अंशी गुजरातच्या बळावर. त्याच दिवशी बेळगाव आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले. अशा मुहूर्तावर खुर्चीत बसलेल्या माणसाला चार महिन्यांत लोकांपुढे उभे राहायचे होते.

तोवर संयुक्त महाराष्ट्र समितीची बांधणी झाली होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला ती पुण्यात स्थापन झाली आणि एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस झाले. प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन ही एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी मंडळी एका मांडवात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला गेले. पण त्यांचा पक्ष समितीबरोबर ठाम राहिला. १५ नोव्हेंबरला आचार्य अत्र्यांचे मराठा हे दैनिक निघाले आणि रोज सकाळी सरकारच्या अंगावर तुटून पडू लागले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचे डफ गावोगाव घुमू लागले. सत्ताधारी पक्षाकडे साधने होती, गाड्या होत्या, सहकारी संस्था होत्या. समितीकडे शाहीर होते. त्या वर्षी शाहिरांनी गाड्यांवर मात केली, असे म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारी-मार्च १९५७ मध्ये मतदान झाले. लोकसभा आणि विधानसभा यांची निवडणूक एकदमच होती. निकाल लागले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा वाडा कोसळला. पुण्यातून काकासाहेब गाडगीळांसारखा मातब्बर माणूस ना. ग. गोरे यांच्याकडून पराभूत झाला. मुंबईतून कॉम्रेड डांगे, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोकणातून नाथ पै लोकसभेवर गेले. आणि खुद्द यशवंतरावांच्या जिल्ह्यात, सातारा मतदारसंघातून, क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले. बेचाळीसला ज्या मातीत नानांनी आणि यशवंतरावांनी इंग्रजांविरुद्ध काम केले होते, त्याच मातीने आता दोघांपुढे वेगवेगळा निवाडा ठेवला. तिकडे गुजरातेतही असंतोष होताच. अहमदाबादेतून महागुजरातचे इंदुलाल याज्ञिक जिंकले.

कराडला मुख्यमंत्री कसेबसे तरले. अगदी थोड्या मतांचा फरक. ज्याचे बोट धरून गाव मोठा झाला, त्याच गावाने त्याला उंबऱ्यावर उभे करून ठेवले, आत घेतले ते शेवटच्या क्षणी. कराड तालुक्यातले माझ्या आजोबांचे एक स्नेही होते. त्या दिवशीची हकीकत ते मोठ्या चवीने सांगत. लोकसभेची पत्रिका त्यांनी समितीच्या पेटीत टाकली आणि विधानसभेची बैलजोडीच्या. दोन्ही पत्रिका टाकताना हात थरथरत होता म्हणत. पहिली पत्रिका दिल्लीवरच्या रागाची होती, आणि दुसरी विठाईच्या पोराला अजून एकदा संधी देण्याची. एका म्हाताऱ्याच्या आठवणीवरून निवडणुकीचा निष्कर्ष काढू नये हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो, तेव्हा इथे मी तो काढत नाही. पण मतांचा तो फरक इतका अल्प होता, की अशी पाच-पन्नास घरे दुसऱ्या बाजूला गेली असती तर कराडचा आणि कदाचित महाराष्ट्राचा इतिहास निराळा झाला असता, ही शंका मनात येतेच.

एकंदर आकडे पाहिले तर काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या. म्हणजे सरकार सुरक्षित होते. पण ते कोणाच्या बळावर? गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या. ज्या मुलखात मुख्यमंत्री जन्मला, वाढला, ज्याची भाषा तो बोलत होता, त्या मुलखाने त्याच्या पक्षाला झिडकारले होते. बहुमत हातात असताना लोकमत हातात नाही, ही स्थिती राज्यशास्त्राच्या पुस्तकात एका वाक्यात येते. ती भोगणाऱ्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार आपण क्वचितच करतो. अशा वेळी दोन मार्ग सोपे असतात. एक, बहुमताकडे बोट दाखवून पाच वर्षे दडपून राज्य करणे. दुसरा, खुर्ची सोडून हुतात्मा होणे. यशवंतरावांनी तिसरा, सर्वांत कंटाळवाणा मार्ग पत्करला. त्यांनी निकाल ऐकून घेतला आणि वरच्यांनाही तो ऐकायला लावला.

याची पहिली परीक्षा त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर झाली. शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. समितीने काळी निशाणे घेऊन निदर्शने करण्याचे ठरवले. पंतप्रधानांचा रस्ता घाटातला, वळणावळणाचा. हजारो माणसे जमणार. गोळीबाराच्या जखमा अजून ओल्या. मोरारजींच्या पद्धतीने जायचे तर बंदी हुकूम, धरपकड आणि बहुधा पुन्हा रक्त. यशवंतरावांनी निदर्शने होऊ दिली. एस. एम. जोशींनीही आपल्या बाजूने शिस्त राखली. वाईपासून वर गडापर्यंत नेहरूंनी दुतर्फा माणसे पाहिली, घोषणा ऐकल्या. महाराष्ट्राचे म्हणणे त्यांना अहवालातून कळले नव्हते ते त्या घाटात दिसले असावे, असे पुष्कळांचे मत आहे आणि मलाही ते पटते. माझ्या दृष्टीने यशवंतरावांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा दिवस. एक मे १९६० पेक्षाही मोठा. कारण त्या दिवशी मुख्यमंत्र्याने आपल्याविरुद्धच्या घोषणा आपल्याच नेत्याच्या कानांवर पडू दिल्या.

मुंबई महापालिकाही १९५७ मध्ये समितीकडे गेली आणि मो. वा. दोंदे महापौर झाले. विधानसभेत समोरच्या बाकांवर एस. एम., अत्रे अशी माणसे. अत्र्यांची जीभ सर्वांना ठाऊक आहे. यशवंतरावांनी त्या जिभेला तिच्याच भाषेत उत्तर देण्याचा मोह टाळला. ते ऐकत, नोंद करत, शांतपणे बोलत. त्याच काळात त्यांचे सरकार कामालाही लागले. १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला आणि महारवतनाचे जोखड गेले. ज्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच विधेयक आणले होते ते काम तीस वर्षांनी झाले. समितीच्या विजयात फेडरेशनच्या मतदारांचा वाटा किती होता हे ज्याने पाहिले, त्याला हा कायदा लवकर सुचला असल्यास ते लोकशाहीचे दूषण नव्हे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चेच. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली. ई. बी. सी. ची ती सवलत नसती तर महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांचे निम्मे बाक रिकामे राहिले असते. आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या हजेरीपटावरची नावे पाहिली की मला हे नेहमी जाणवते.

दिल्लीत मात्र त्यांचे काम आवाज न करता चालले होते. द्विभाषिक राबवून दाखवण्याची जबाबदारी त्यांनी घेतली होती आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे पार पाडली. म्हणूनच ते चालणार नाही असे सांगण्याचा अधिकार त्यांना मिळाला. बंड करणाऱ्याने सांगितले असते तर श्रेष्ठींनी कान झाकले असते. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, प्रश्न पुन्हा उघडला गेला, वर्षअखेरीस निर्णय झाला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्माला आले. डांग गुजरातेत गेले. बेळगावचे भांडण तसेच राहिले. ते आजही मिटलेले नाही. तेव्हा मिळालेला महाराष्ट्र संपूर्ण होता असे म्हणता येत नाही.

मग ते कोणत्या बाजूला होते? वर्गात मी सांगतो ते इथेही सांगतो. १९५६ मध्ये ते लढ्याच्या बाजूला नव्हते. महाराष्ट्र राज्य एकट्या यशवंतरावांनी आणले असे म्हणणारा हुतात्म्यांचा अपमान करतो. परंतु रस्त्यावर सांडलेले रक्त आणि पेट्यांत पडलेली मते यांचा अर्थ दिल्लीला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस आत कोणीतरी लागत होता, आणि सत्तावनच्या निकालाने यशवंतरावांना तसा माणूस बनवले. समितीने त्यांना पाडायचे मनापासून प्रयत्न केले. त्या प्रयत्नांनीच त्यांना घडवले. एस. एम. आणि यशवंतराव हे एकमेकांचे विरोधक खरे, पण १ मे या तारखेवर दोघांचाही हक्क आहे.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. मागणी पूर्ण झाल्यावर समितीतले पक्ष आपापल्या वाटांनी पांगले होते. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. गृह, अर्थ, परराष्ट्र, शेवटी १९७९ मध्ये उपपंतप्रधानपद. पदे वाढत गेली, पण मला तरी असे वाटते की दिल्लीत त्यांची ती आत राहून काम साधण्याची रेघ पुढेपुढे फिकट झाली. आत राहणे उरले, साधणे कमी झाले. आणीबाणीत ते मंत्रिमंडळातच होते. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत यशवंतरावांचा अंत झाला. कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

कृष्णाकाठ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. ते १९४६ पाशी, मुंबईला निघण्याच्या वेळी, संपते. पुढचे भाग लिहायचे त्यांच्या मनात होते. फलटण, गोळीबाराचे दिवस, मोरारजींचे मंत्रिमंडळ आणि कराडच्या मतमोजणीची ती रात्र, हे सगळे त्या न लिहिलेल्या पानांत राहिले.